तंबू एक्केचाळीस

कासारमाळची छावणी उठून चार वर्षं झाली होती, आणि सुहास साळसकर त्या छावणीबद्दल घरात एक शब्द बोलत नसे. तिथं तो समुदाय आरोग्य अधिकारी होता. कॉलऱ्याची साथ ऐन भरात असताना औषधांच्या तंबूतून सलाईनचे दहा बॉक्स नाहीसे झाले. पुढच्या दोन दिवसांत सलाईनअभावी सात माणसं गेली. चौकशी झाली. सुहासने खुलासा दिला नाही. साठा सांभाळण्यात निष्काळजीपणा केल्याचा ठपका त्याने मुकाट्याने घेतला, राजीनामा दिला आणि घाटाखाली येऊन आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका सुरू केली.

गेलेल्या सातांत त्याचे सासरे होते. रघुनाथ तांडेल, होड्या बांधणारे. त्या वर्षी उधाणाने दाभेखाडीचे बांध फुटले, खाडीकाठच्या गावांत राहण्यासारखं काही उरलं नाही आणि सगळ्यांना उचलून घाटावरच्या कासारमाळावर तंबूंत नेलं. त्यांची मुलगी मिताली, म्हणजे सुहासची बायको, तेव्हा घाटाखालच्या रुग्णालयात परिचारिका होती. रस्ता बंद होता. वडील गेल्याचं तिला फोनवर कळलं, आणि फोन सुहासनेच केला होता. तेव्हापासून तिची आई तिच्याकडेच राहत होती. आईला जावयाचं कौतुक होतं. शेवटच्या रात्री जावई ह्यांच्या उशाशी बसून होते, चमच्याने पाणी पाजत होते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. सुहास तेवढ्यात उठून बाहेर जाई.

मितालीला प्रशिक्षणाचा आदेश आला तो याच घरात. आपत्तीत काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग होता आणि तो आता सगळ्यांना सक्तीचा झाला होता.

"तिथं यंत्रावर शिकवतात म्हणे," ती सुहासला म्हणाली.

"शिकवतात," तो म्हणाला. "जुन्या छावण्या पुन्हा उभ्या करतात." आणि पाण्याची मोटर लावायला गेला.

केंद्राच्या प्रमुख डॉ. रुबीना परकार पन्नाशीच्या होत्या, शांत बोलायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी वर्गाला यंत्र समजावलं.

"हवामान खातं उद्याचा पाऊस कसा सांगतं? आजचा वारा, तापमान, दाब यांचे आकडे घेतं आणि गणिताने पुढे सरकवतं. आपण तेच मागच्या दिशेने करतो. छावणीत प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा होता, नाडी आणि अंगातलं पाणी मोजणारा. सगळ्यांचे फोन कुठून कुठे गेले त्याची नोंद आहे. उपग्रहांची चित्रं आहेत, तळ्याच्या पाण्याच्या तपासण्या आहेत. यातून यंत्र एक नकली छावणी बनवतं आणि ती हजारदा चालवून बघतं. खऱ्या छावणीत जे घडलं तेच नकलीत घडायला लागलं, की नक्कल जमली. मग तुम्ही अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसायचं, एखादा निर्णय बदलायचा आणि पुढे काय होतं ते पाहायचं."

"म्हणजे तेव्हा काय करायला हवं होतं ते यंत्र सांगतं?" कुणीतरी विचारलं.

"नाही. काय झालं असतं, तेही किती शक्यतेने, एवढंच सांगतं. नुसता पूर असेल तर काय करायचं ते आपल्याला येतं. पण पूर, पाण्यावरून भांडण, बंद रस्ता आणि साथ हे सगळं एकात एक अडकलं, की एका दुखण्याचं औषध दुसरं दुखणं वाढवतं. ते पुस्तकातून शिकता येत नाही. म्हणून ही खुर्ची."

खुर्ची साधीच होती. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर छावणी उभी राहायची. मितालीने चष्मा चढवला आणि तिला समोर तळं दिसलं, तळ्यापलीकडे कौलारू गाव, मागे घळ, घाटाच्या तोंडाशी आडवे टाकलेले ओंडके. नावं बदलली होती. छावणीला "छावणी क" म्हटलं होतं आणि माणसांच्या जागी ठिपके होते, बरे ते हिरवे, आजारी ते पिवळे, गेलेले लाल. पण आई तिला फोनवर रोज सांगायची ते सगळं जिथल्या तिथे होतं.

तिने चष्मा काढला आणि परकारांना बाजूला बोलावलं. "मॅडम, ही कासारमाळ आहे. माझे वडील इथं गेले. अधिकारी माझा नवरा होता."

परकारांनी तिच्या हातातला चष्मा घेतला. मग म्हणाल्या, "तुम्हाला दुसरी छावणी देते."

"नको. मला हीच पाहायचीय."

पहिल्या आठवड्यात तिने ती छावणी बऱ्याचदा चालवली. संडास दूर हलवून पाहिले, पाण्यात क्लोरीन आधीपासून टाकून पाहिलं, आजारी माणसांचे तंबू वेगळे केले. काही केलं की आकडा थोडा कमी व्हायचा. पण साथीच्या चौथ्या दिवशी दुपारी वीसांपैकी दहा बॉक्स नाहीसे व्हायचेच. यंत्रात ती घटना "चोरी" म्हणून पक्की बसवली होती. त्यानंतर सात ठिपके लाल व्हायचे. एक्केचाळीस क्रमांकाच्या तंबूतला ठिपका त्यांतला. तो कोण हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात तिचं लक्ष तळ्यापलीकडे गेलं. कासारगावचे लोक आणि छावणीतले लोक एकाच तळ्याचं पाणी पीत होते. त्या पाण्यावरून तर भांडण पेटलं होतं, गावाने रस्ता अडवला होता. मग कॉलरा छावणीतच का थांबला? गावातले ठिपके सगळे हिरवे होते.

"तिथं एक दुरुस्ती घातलीय," परकार म्हणाल्या. "नुसत्या गणिताने गावात तीस-चाळीस माणसं जायला हवीत. प्रत्यक्षात एकही गेलं नाही. रुग्णालयात कुणी आलं नाही, कुठं नोंद नाही. तेव्हा गावकरी पाणी उकळून पीत असावेत असं धरून चाललो."

"इतक्या शिस्तीत सगळं गाव पाणी उकळतं, मॅडम?"

परकार हसल्या नाहीत. "नाही उकळत," त्या म्हणाल्या. "मलाही ते खटकतं."

"ती दुरुस्ती काढून चालवून बघू?"

काढली. गावात ठिपके पिवळे व्हायला लागले, आधी तळ्याकडची घरं, मग वरची आळी. पाचव्या दिवसापासून ते लाल होत गेले. मितालीने ते पुरतं पाहिलं. एवढ्या माणसांना वाचवायला किती सलाईन लागलं असतं याचा हिशेब कुठल्याही परिचारिकेला तोंडी करता येतो. तिने केला आणि तो दहा बॉक्सच्या आसपास आला.

परकारांना ती त्या दिवशी काही बोलली नाही.

रविवारी ती घरी आली. सुहास मागच्या शेडमध्ये कलमं बांधत बसला होता. ती समोरच्या पालथ्या घमेल्यावर बसली.

"सुहास, ते बॉक्स तू कासारगावला दिलेस."

त्याने हातातल्या कलमाची पट्टी पूर्ण गुंडाळली, गाठ मारली, मग वर पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिथं माणसं मेली नाहीत, त्यावरून कळलं."

त्याने ते कलम ओळीत ठेवलं. मग सांगायला लागला, तेव्हा सलग सांगितलं.

कासारगावची आशा सेविका होती, सगुणा खोत. एका शिबिरात ओळख झालेली. त्या दुपारी ती घळीतून चढून औषधांच्या तंबूच्या मागच्या बाजूला आली. गावात घरोघर जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या आणि गाव ते लपवत होतं. "आमची पोरं म्हणतात रोग छावणीनं आणला," ती म्हणाली. "आजारी किती ते त्यांना कळलं तर उद्या तुमचे तंबू पेटवतील. आणि रस्ता आमच्याच लोकांनी अडवलाय, तेव्हा आम्ही तरी खाली कुठल्या तोंडानं जाऊ? सुया लावायला मी आणि आमच्या सिस्टर आहोत. सलाईन नाही, सर."

"दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने साठा येणार होता," सुहास म्हणाला. "तसा निरोप होता. माझ्याकडे वीस बॉक्स होते, एका दिवसाला दहा पुरले असते. सगळी छावणी जेवणाच्या रांगेत होती. माझा फोन चार्जिंगला लावलेला, म्हणून त्याची नोंद झाली नाही. तिच्याबरोबर चार बायका होत्या, त्या दोन खेपांत डोक्यावरून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ढग उतरले. हेलिकॉप्टर आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही."

"बाबा तेव्हा बरे होते?"

"रांगेत उभे होते. मला हात केला त्यांनी."

मितालीने मान खाली घातली. तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तिथं बोललो असतो तर छावणी गावावर चालून गेली असती. चौकशीत बोललो असतो तरी तेच. नंतर तुला सांगायचंच होतं. पण आईंनी ताट वाढायला घेतलं, की वाटायचं आज नको. असं करत राहून गेलं."

"चार वर्षं."

"हो."

ती रात्री आईच्या खोलीत झोपली आणि सोमवारी पहिल्या बसने केंद्रावर परत गेली.

मंगळवारी वर्गात चर्चा होती. विषय होता छावणी क, साठ्याची सुरक्षा. फळ्यावर कुलूप, पहारा, दोन माणसांच्या सह्या असे मुद्दे लिहिले होते. शेजारच्या बाकावरची एक मुलगी सहज म्हणाली, "अधिकाऱ्यानेच विकले असणार. नाहीतर गप्प कशाला बसला असता?" वर्ग हसला. मितालीने वही मिटली. बाहेर व्हरांड्यात जाऊन तिने सुहासला फोन लावला.

"इथं तुला चोर म्हणून शिकवतायत."

"शिकवू दे."

"मला नाही चालत. माझा तुझ्यावर राग आहे, तो वेगळा. तो मी बघेन. पण ही मुलं उद्या खऱ्या छावणीत जाणार. यांना कुलूप लावायला शिकवतायत आणि घळीतून एखादी सगुणा चढून येईल हे कुणी सांगत नाहीये."

मग सुहास म्हणाला, "आधी सगुणाताईंना विचारावं लागेल. आणि आईंना सांगावं लागेल. ते मी सांगेन."

सगुणा हो म्हणाली. रस्ता अडवणारी तिच्या गावची पोरं आता बाप झाली होती, आणि त्यांतल्या दोघांना त्याच सलाईनने वाचवलं होतं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. आता सांगते, ती म्हणाली.

आईला सुहासने स्वयंपाकघरात सांगितलं. ती विळीवर मासे कापत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मासे तसेच ठेवले, हात धुतले आणि विचारलं, "त्या गावानं आधी आम्हाला तळ्याच्या पाण्याला शिवू दिलं नव्हतं, ते तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन पुनर्वसन वसाहतीत भावाकडे राहायला गेली. बातमी तिच्याबरोबरच वसाहतीत पोचली. दोन-तीन घरांनी सुहासशी बोलणं टाकलं. महादेव वैती रोपवाटिकेत आला. त्याची बायको त्या सातांत होती. तो उभ्यानेच म्हणाला, "बॉक्स गेले तेव्हा ती बरी होती?"

"नाही. तेव्हा तिला पहिली बाटली चालू होती."

"म्हणजे तुमच्या डोळ्यासमोर होती."

"हो."

महादेव निघून गेला. सुहास त्या दिवशी जेवला नाही.

परकारांनी सुहास आणि सगुणा दोघांचं म्हणणं दोन दिवस बसून नोंदवून घेतलं. ते यंत्रात घातल्यावर दुरुस्तीची गरजच उरली नाही. छावणीतले सात लाल ठिपके आणि गावातले हिरवे ठिपके आपोआप जुळले. त्या वर्षातली ती सगळ्यात अचूक नक्कल झाली, असं परकार म्हणाल्या. चौकशीचा ठपका काढावा म्हणून त्यांनी वर लिहिलं. त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

शेवटच्या आठवड्यात परीक्षा होती. मितालीला वाटलं होतं आपल्याला वेगळी छावणी देतील. परकारांनी तिला विचारून कासारमाळच दिली.

"यात एक नवी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "हेच यंत्र पुढच्या वर्षी चालू छावणीत वापरायचा विचार आहे. पुढच्या दोन दिवसांत कोण आजारी पडेल, हे पट्ट्यांवरून ते आधी सांगेल. त्याची चाचणी चालू आहे. तुम्हाला ती यादी समोर दिसेल. जमेल?"

"बघते."

चौथ्या दिवसाची दुपार झाली. मागच्या बाजूला कनातीची कड उचलून सगुणा आत आली. चेहरा यंत्राने बनवलेला होता, पण बोलणं तिचंच होतं. "सलाईन नाही, सर," ती म्हणाली. यंत्राला अधिकारी बाई आहे हे कळलेलं नव्हतं.

मितालीने विचारलं, आजारी किती, त्यांत मुलं किती, गरोदर किती, तोंडाने पाणी घेऊ शकतात ते किती. सगुणाने एकेक सांगितलं. उजव्या हाताला छावणीची यादी झळकत होती. तिसऱ्या ओळीत होतं: तंबू एक्केचाळीस, पुरुष, वय सहासष्ट, उद्या संध्याकाळपर्यंत गंभीर. शक्यता बरीच मोठी दाखवली होती.

तिला बाहेर जेवणाची रांग दिसत होती. रांगेत ठिपकेच होते. त्यांतल्या कुठल्या ठिपक्याने हात केला असेल ते कळायला मार्ग नव्हता. हेलिकॉप्टर येणार नाही हे मात्र तिला ठाऊक होतं.

सुहासने दिलेल्या दहांपैकी तिने सात बॉक्स दिले आणि तीन ठेवले.

तंबू एक्केचाळीसमधला ठिपका पिवळा झाला, दीड दिवस पिवळा राहिला आणि पुन्हा हिरवा झाला. छावणीत दोन गेले. गावात नऊ.

चष्मा काढला तेव्हा परकार समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. "तुम्ही उत्तीर्ण आहात," त्या म्हणाल्या. "गुण किती बॉक्स दिले याला नाहीत. देण्याआधी काय काय विचारलंत याला आहेत."

"मी ते तीन बॉक्स बाबांसाठी ठेवले, मॅडम. छावणीसाठी नाही. यादीत तो तंबू नसता तर मी दहाच्या दहा दिले असते."

"मला वाटलंच."

"मग ती यादी अशी दाखवू नका. उद्या किती लागतील तो आकडा दाखवा. कुठल्या तंबूत, ते वाटप करणाऱ्याला दिसू देऊ नका. लहान गावांतले कर्मचारी आपल्याच माणसांत काम करतात. प्रत्येक यादीत त्यांचं कुणी ना कुणी असणारच."

"पण मग एखाद्याला वेळेआधी उपचार देता येणार नाहीत. काही जण त्यामुळे जातील."

"जातील," मिताली म्हणाली. "ती यादी रुग्ण तपासणाऱ्या सिस्टरकडे द्या. साठा ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे नको."

परकारांनी ते लिहून घेतलं. मान्य होईलच असं नाही, असंही सांगितलं.

घरी जायच्या आधी मिताली वसाहतीत उतरली. आई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मितालीने परीक्षेत काय झालं ते सगळं सांगितलं. आईने हात थांबवले नाहीत.

"बाबा वाचले म्हणतेस. मग काय बोलले?"

"यंत्रात बोलत नाहीत, आई. ठिपका हिरवा झाला, एवढंच."

"आणि तिकडचे नऊ?"

"ते लाल झाले."

आईने निवडलेली सुकट पेपरवर पसरली, त्यातला एक खडा काढून अंगणात टाकला. "मी असते तर एक बाटली दिली नसती," ती म्हणाली. "दहाच्या दहा ठेवले असते. अजून तसंच वाटतं मला. तुला आवडो न आवडो."

"मला काही म्हणायचं नाही."

"पण मला कुणी त्या खुर्चीत बसवलं नव्हतं. सुहासरावांना बसवलं होतं." मग तिने सुकट पुडीत बांधली. "ही त्यांना दे. कांदा जास्त घाल, त्यांना तशी लागते. मी इतक्यात येत नाही. आले की कळवीन."

सुहासने पुडी उघडून पाहिली आणि कुणाची ते न विचारता ओळखलं. तो कांदा चिरायला बसला. मिताली शेजारी उभी राहिली.

"मी सात दिले," ती म्हणाली. "तीन बाबांसाठी ठेवले. वाचले ते. गावात नऊ गेले."

त्याची सुरी थांबली. "तुला आधीच माहीत होतं ना, ते आजारी पडणार म्हणून."

"हो. तुला माहीत असतं तर?"

"ठेवले असते," तो लगेच म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "ठेवले असते, मिताली. तीन नाही, जास्तच."

हे तो चार वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलला होता. तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेला कांदा स्वतः चिरला, कारण त्याला आता नीट दिसत नव्हतं.